उरलेले आवाज : बाँबर कमांडच्या विमानकर्मींच्या ध्वनिमुद्रित मुलाखती – एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना

३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश हवाईदलाची ७९५ बाँबफेकी विमाने जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरावर हल्ला करण्यासाठी निघाली. आकाशात चंद्र होता, वारे हवामानाच्या अंदाजाप्रमाणे वाहत नव्हते आणि जर्मनीची रात्रीची लढाऊ विमाने मार्गावर सज्ज होती. ९५ विमाने परतली नाहीत. बाँबर कमांडची एका रात्रीतील ही सर्वांत मोठी हानी होय. प्रत्येक पथकाच्या कार्यवाही-नोंदवहीत त्या रात्रीची नोंद आजही पाहावयास मिळते. विमानाचा क्रमांक, त्यातील माणसांची नावे, उड्डाणाची वेळ, बाँबचा तपशील आणि परत न आलेल्या विमानापुढे ते बेपत्ता असल्याचा त्रोटक शेरा, एवढा मजकूर तीत असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या या नोंदवह्या इतिहासकारासाठी मोलाच्या आहेत. मात्र परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी शेजारची रिकामी खाट पाहून काय केले, हे त्या सांगत नाहीत. असा प्रश्न विचारण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

हा प्रश्न पुढे विचारला गेला. पण बहुतेकांना तो विचारला जाईपर्यंत तीन ते सात दशके उलटली होती. प्रस्तुत लेखात बाँबर कमांडच्या विमानकर्मींच्या आठवणी मुलाखतींद्वारे कशा जतन झाल्या, याचा आढावा घेऊन त्या मुलाखतींचे साधन म्हणून मूल्यमापन केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, मोहिमांचा घटनाक्रम निश्चित करण्यासाठी या मुलाखतींचा उपयोग मर्यादित आहे; तो कागदपत्रांत अधिक अचूक सापडतो. भीती, मौन, अपराधभाव आणि युद्धोत्तर समाजाने या माणसांना दिलेली वागणूक यांचा पुरावा म्हणून मात्र त्यांना पर्याय नाही. म्हणूनच त्या त्यांतील चुकांसह व विरामांसह, आणि ज्यांच्यावर बाँब पडले त्यांच्या आवाजांच्या सान्निध्यात जतन होणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश हवाईदलाच्या बाँबर कमांडची स्थापना १९३६ मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे १,२५,००० विमानकर्मींनी तिच्यात सेवा बजावली. त्यांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले, ही प्रदीर्घ काळ प्रमाण मानली गेलेली संख्या आहे. याचा अर्थ दर शंभरांतील चव्वेचाळीस जण परतले नाहीत. सुमारे दहा हजार युद्धकैदी झाले. हे सर्व जण उड्डाणसेवेसाठी स्वेच्छेने पुढे आलेले होते आणि त्यांचे सरासरी वय बावीसच्या आसपास होते. ब्रिटनखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, कॅरिबियन बेटे अशा अनेक प्रदेशांतून ते आले होते. एकट्या कॅनडाच्या हवाईदलातील मृतांची संख्या दहा हजारांच्या जवळ जाते.

लँकेस्टर या चार इंजिनांच्या विमानात सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा नेमबाज, बिनतारी यंत्रचालक आणि दोन गनर. त्यांच्या तुकड्या बहुधा वरून ठरवून दिल्या जात नसत. प्रशिक्षणाच्या एका टप्प्यावर सर्वांना एका हँगरमध्ये सोडून आपापले सोबती निवडण्यास सांगितले जाई. अशा रीतीने एकत्र आलेल्या सात जणांनी तीस मोहिमा पूर्ण केल्या की त्यांची पहिली फेरी संपे. ही फेरी पुरी करणे हे त्या काळात अनेकांसाठी केवळ आशेचे नाव होते.

या मोहिमेची दुसरी बाजू जमिनीवर होती. फेब्रुवारी १९४२ नंतर बाँबर कमांडने शहरी भागांवरील व्यापक बाँबहल्ल्यांचे धोरण राबविले. जुलै १९४३ मध्ये हँबर्ग येथे उसळलेल्या अग्निवादळात व त्याच्या आगेमागे झालेल्या हल्ल्यांत सुमारे ३७,००० माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन येथे सुमारे २५,००० जण मृत्युमुखी पडले. दोस्त राष्ट्रांच्या बाँबहल्ल्यांतील एकूण जर्मन मृतांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. म्हणजे ज्या सेवेत मरणाचे प्रमाण सर्वाधिक होते तीच नागरिकांच्या मृत्यूंशी सर्वाधिक जोडली गेली. विमानकर्मींच्या पुढील आयुष्यातील मौनाचे मूळ या दुहेरी वस्तुस्थितीत आहे.

पहिली मुलाखत : परतीच्या रात्रीची

विमानकर्मींच्या तोंडी साक्षीची नोंद युद्धानंतर सुरू झाली असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. विमान उतरल्यावर पहाटेच्या वेळी सर्व सात जणांना गुप्तवार्ता अधिकाऱ्यासमोर बसविले जाई. हातात गरम चहा दिला जाई आणि प्रश्न विचारले जात. लक्ष्य दिसले काय, बाँब कोठे पडले, मार्गात कोणते विमान पडताना पाहिले, छत्र्या उघडल्या काय, अशा प्रश्नांची उत्तरे लिहून घेतली जात. कार्यवाही-नोंदवहीतील मजकुराचा मोठा भाग या संभाषणावर आधारलेला आहे. याचाच अर्थ, ज्याला इतिहासकार लेखी साधन म्हणतो त्याच्या मुळाशी तोंडी साक्षच होती.

ही साक्ष घटनेनंतर काही तासांतच घेतलेली असे. तरी ती अचूक होती काय? १९४१ च्या उन्हाळ्यात डी. एम. बट या अधिकाऱ्याने विमानांतून रात्री घेतलेल्या सहाशेहून अधिक छायाचित्रांची तपासणी केली. ज्या विमानांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगितले होते त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विमानेच लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती, असा त्याचा निष्कर्ष निघाला. विमानकर्मी खोटे बोलत होते असे नाही. अंधार, ढग, तोफांचा मारा व अपुरी साधने यांतून त्यांना जे दिसले असे वाटले तेच त्यांनी सांगितले होते. बट यांच्या अहवालातून पद्धतिशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा मिळतो. साक्षीतील चूक केवळ काळ लोटल्यामुळे होत नाही. सत्तर वर्षांनंतरची आठवण सदोष आणि त्याच रात्रीची साक्ष निर्दोष, अशी सोपी विभागणी टिकत नाही.

त्या काळातील प्रत्यक्ष ध्वनीही थोडाफार उपलब्ध आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस आणि ध्वनिमुद्रण अभियंता रेजिनल्ड पिड्स्ली एका लँकेस्टरमधून बर्लिनवर गेले. उड्डाणातच त्यांनी ध्वनिमुद्रण केले. इंजिनांच्या घरघरीत विमानकर्मींचे संक्षिप्त, संयमित संवाद त्यात ऐकू येतात. शत्रूचे लढाऊ विमान चालून आल्यावरही आवाजांचा तोल फारसा ढळत नाही. हे ध्वनिमुद्रण अस्सल आहे, परंतु ते युद्धकाळात प्रसारणासाठी केलेले आहे. शिवाय विमानातील संभाषणाला शिस्त होती. अनावश्यक शब्दाला तेथे जागा नव्हती. भीती होती की नव्हती, हे त्या आवाजावरून ठरविता येत नाही. त्यासाठी त्याच पिढीची पुढील आयुष्यातील निवेदने ऐकावी लागतात.

मौनाची दशके

मे १९४५ मध्ये चर्चिल यांनी केलेल्या विजयाच्या भाषणात जर्मनीवरील बाँबहल्ल्यांच्या मोहिमेचा ठळक गौरव नव्हता. बाँबर कमांडसाठी स्वतंत्र मोहीमपदक देण्यात आले नाही. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये १९४० च्या हवाई लढाईतील लढाऊ वैमानिक हा सर्वमान्य नायक ठरला. बाँबफेकी विमानातील माणसाविषयी सार्वजनिक बोलणे अवघड होत गेले. मे १९९२ मध्ये सर आर्थर हॅरिस यांच्या पुतळ्याचे लंडनमध्ये अनावरण झाले तेव्हा निदर्शने झाली आणि पुतळ्यावर रंगही फेकण्यात आला. लंडनच्या ग्रीन पार्कमधील स्मारकाचे अनावरण २८ जून २०१२ रोजी, म्हणजे युद्धसमाप्तीनंतर सदुसष्ट वर्षांनी झाले. त्यानंतर २०१३ मध्ये पदकाच्या फितीवर लावावयाची बाँबर कमांडची पट्टी देण्यास प्रारंभ झाला. तोपर्यंत ती घेण्यास पात्र असणारे बहुसंख्य लोक हयात नव्हते.

या काळात अधिकृत इतिहास लिहिला गेला. चार्ल्स वेबस्टर व नोबल फ्रँकलंड यांचा चार खंडांतील ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रामुख्याने शासकीय कागदपत्रांवर आधारलेला असून धोरणाची कठोर चिकित्सा करतो. फ्रँकलंड हे स्वतः बाँबर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपल्या अनुभवाला दूर ठेवून त्यांनी कागदांच्या आधारे इतिहास लिहिला. पुढे ते लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमचे संचालक झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, त्या संग्रहालयाचा ध्वनिमुद्रण विभाग स्थापन झाला. सामान्य सैनिक, विमानकर्मी, परिचारिका व नागरिक यांच्या मुलाखती तेथे पद्धतशीरपणे मुद्रित होऊ लागल्या. कागदपत्रांच्या शिस्तीत तयार झालेल्या इतिहासकाराच्या संस्थेत आवाजाला जागा मिळाली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. कागद कोठे थांबतो, हे त्यात बुडालेल्या माणसालाच अधिक नेमके ठाऊक असते.

याच सुमारास मार्टिन मिडलब्रुक या लिंकनशायरमधील कुक्कुटपालन व्यावसायिकाने न्यूरेंबर्गच्या हल्ल्यावर ग्रंथ लिहिला (१९७३). त्यासाठी त्यांनी त्या रात्री सहभागी झालेल्या शेकडो व्यक्तींशी पत्रव्यवहार व भेटीगाठींतून संपर्क साधला. हँबर्गवरील त्यांच्या १९८० च्या ग्रंथात बाँबहल्ल्यातून वाचलेल्या जर्मन नागरिकांच्या साक्षीही समाविष्ट आहेत. विद्यापीठीय पदवी नसलेल्या अभ्यासकाने दोन्ही बाजूंच्या माणसांना एका ग्रंथात आणले, ही बाब मौखिक इतिहासाच्या वाटचालीत नोंद घेण्याजोगी आहे.

जर्मनीतही एक मौन होते. लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांनी १९९७ मध्ये झुरिच येथे दिलेल्या व्याख्यानांत, शहरांच्या विध्वंसाविषयी जर्मन साहित्य जवळजवळ गप्प राहिले, असे मत मांडले. २००२ मध्ये यॉर्ग फ्रिडरिश यांचे पुस्तक आल्यावर त्या विषयावर तीव्र चर्चा झाली. कारणे भिन्न असली तरी बाँब टाकणारे आणि बाँब झेलणारे हे दोघेही आपापल्या समाजात बराच काळ अडचणीचे साक्षीदार ठरले होते.

लिंकन येथील संग्रह

लिंकनशायर परगण्यात युद्धकाळी बाँबर कमांडचे अनेक तळ होते. लिंकन शहराजवळील कॅनविक टेकडीवर उभारलेले आंतरराष्ट्रीय बाँबर कमांड केंद्र २०१८ मध्ये जनतेसाठी खुले झाले. तेथील स्मारकस्तंभाची उंची लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढी, म्हणजे सुमारे ३१ मीटर आहे. त्याच्याभोवतीच्या भिंतींवर सुमारे ५८,००० मृतांची नावे कोरलेली आहेत. नव्या संशोधनातून नावे वाढत गेल्याने ही संख्या पूर्वीच्या प्रमाण संख्येपेक्षा मोठी आहे.

या केंद्रासाठी लिंकन विद्यापीठाने उभा केलेला डिजिटल संग्रह प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यात एक हजाराहून अधिक ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. त्यांशिवाय उड्डाणवह्या, पत्रे, छायाचित्रे व रोजनिशा यांच्या डिजिटल प्रतीही ठेवलेल्या आहेत. मुलाखती घेण्याचे काम मुख्यतः प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केले. विमानकर्मींबरोबरच विमानांची देखभाल करणारे जमिनीवरील कर्मचारी, महिला साहाय्यक दलातील स्त्रिया आणि कुटुंबीय यांनाही निवेदक म्हणून स्थान मिळाले. सर्वांत उल्लेखनीय बाब अशी की, जर्मनी व इटलीतील बाँबहल्ल्यांना सामोरे गेलेल्या नागरिकांच्या साक्षीही याच संग्रहात आहेत. गौरव, स्मरण आणि समेट ही त्रिसूत्री केंद्राने स्वीकारली आहे. स्मारकाच्या भिंतीवर एका बाजूचीच नावे असू शकतात. संग्रहाने मात्र ती मर्यादा ओलांडली.

आठवणीतील चूक : दोष की पुरावा?

मुलाखतींच्या विश्वसनीयतेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. या संदर्भात एक उदाहरण उद्‌बोधक आहे. बाँबर कमांडच्या अनेक विमानकर्मींचा असा ठाम विश्वास होता की, जर्मन सैन्य एक विशिष्ट प्रकारचा तोफगोळा आकाशात उडविते. तो फुटला की एखाद्या बाँबफेकी विमानाचा स्फोट झाल्यासारखे दृश्य दिसते आणि त्यामागचा हेतू केवळ भीती घालणे हा आहे. या गोळ्याला ते 'स्केअरक्रो', म्हणजे बुजगावणे, म्हणत. युद्धानंतर जर्मन साधने तपासली असता असा कोणताही गोळा वापरात असल्याचा पुरावा मिळाला नाही. आकाशात फुटताना दिसले ते खरोखरीचे विमान होते आणि त्यात खरोखरीची माणसे होती. तरीही पुढे कित्येक दशके काही निवेदक या बुजगावण्याचे वर्णन करीत राहिले.

केवळ तथ्यांचा शोध घेणारा संशोधक हे विधान चुकीचे म्हणून वगळील. परंतु त्यातून एक वेगळे सत्य हाती लागते. ज्या माणसाला उद्या पुन्हा त्याच आकाशात जायचे आहे, त्याला समोरचा स्फोट हा आपल्यासारख्याच सात जणांचा शेवट आहे हे मान्य करणे किती कठीण होते, हे ही चूक सांगते. कार्यवाही-नोंदवहीत भीतीची नोंद नाही. ती या चुकीत आहे. शिवाय ही समजूत निवेदकाच्या उतारवयात निर्माण झालेली नसून युद्धकाळातच रुजलेली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी हेच सूत्र सिद्धान्तरूपाने मांडले आहे. तेर्नी येथील लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत मारला गेला; पण अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातीच्या आंदोलनाशी जोडून सांगितला. ही चूक समूहाने त्या मृत्यूला दिलेला अर्थ प्रकट करते, असे पोर्तेल्ली यांनी दाखविले.

मात्र चुकीलाही अर्थ असतो म्हणून ती तपासू नये, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. ड्रेस्डेनमध्ये कमी उंचीवरून आलेल्या विमानांनी पळणाऱ्या नागरिकांवर मशीनगनचा मारा केला, असे अनेक प्रत्यक्षदर्शी वर्षानुवर्षे सांगत होते. ड्रेस्डेन नगरपालिकेने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यासाठी साक्षी, उड्डाणांच्या नोंदी यांची छाननी झाली. एल्बे नदीकाठच्या कुरणांत काडतुसांचा शोधही घेण्यात आला. अशा माऱ्याला पुष्टी देणारा पुरावा मिळाला नाही. मृतांच्या लाखोंच्या अतिरंजित आकड्यांनाही या आयोगाने पूर्णविराम दिला. वाचलेल्यांचे दुःख खोटे ठरले नाही. त्या विशिष्ट घटनेची हकिकत मात्र टिकली नाही. आवाज जतन करणे आणि आवाजाची तपासणी करणे ही दोन्ही कामे परस्परपूरक आहेत.

मराठी इतिहासलेखनाला हा विचार अपरिचित नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत पाहिलेले आणि भोगलेले पाव शतकानंतर 'माझा प्रवास' या ग्रंथात लिहून ठेवले. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा मूळ मजकुरावर संपादकीय संस्कार झाले होते. पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केल्यानंतर गोडसे भटजींचे स्वतःचे बोलणे अभ्यासकांना उपलब्ध झाले. हस्तलिखित सांभाळले गेले नसते, तर संपादकाने सुधारलेली आठवण हीच मूळ आठवण मानली गेली असती. मुलाखतीचे केवळ शब्दांकन ठेवून ध्वनिफीत टाकून देणे, हे याच स्वरूपाचे नुकसान होय.

ऐकू न येणारे आवाज

मौखिक संग्रहाची सर्वांत गंभीर मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. बाँबर कमांडमधील चव्वेचाळीस टक्के माणसांची मुलाखत कधीच होऊ शकत नव्हती. ज्यांनी तीस मोहिमा पूर्ण केल्या त्यांचे कथन 'आपण वाचलो' या शेवटाकडे आपोआप सरकते. त्यांचे नशीब, त्यांचे कौशल्य किंवा त्यांच्या वैमानिकाची सावधगिरी यांना कथनात कार्यकारणाचे स्थान मिळते. तेवढेच कुशल आणि तेवढेच सावध असलेले अनेक जण परतले नाहीत, ही गोष्ट एकट्या मुलाखतीतून कळत नाही.

वयाचा हिशोबही येथे निर्णायक आहे. १९४० मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला विमानकर्मी २०१५ मध्ये शंभर वर्षांचा झाला असता. १९४४ मध्ये एकोणीस वर्षांचा असलेला मात्र नव्वदीत असणार. त्यामुळे अलीकडच्या संग्रहांत युद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांतील तरुण विमानकर्मींचे प्रमाण स्वाभाविकपणे अधिक आहे. युद्धाच्या प्रारंभीच्या, अपुऱ्या साधनांच्या काळातील अनुभवासाठी १९७० च्या दशकातील मुलाखतींकडे वळावे लागते. शिवाय दोन्ही काळांतील मुलाखतींचा सूर वेगळा असणे अपेक्षित आहे. पन्नाशीतील नोकरदार गृहस्थ आणि नव्वदीतील पणजोबा एकच रात्र सारख्या रीतीने सांगणार नाहीत. मुलाखत १९४४ विषयी असली तरी ती २०१४ चे साधन असते. संग्रहातील प्रत्येक मुलाखतीवर तिची तारीख ठळकपणे असावी लागते ती यासाठी.

ज्यांनी उड्डाण नाकारले त्यांचा आवाज सर्वांत क्षीण आहे. सततच्या ताणाने खचलेल्या आणि पुढे उडण्यास असमर्थ ठरलेल्या माणसावर नैतिक धैर्याचा अभाव असल्याचा शिक्का मारण्याची तरतूद हवाईदलात होती. त्यातून पद व मान दोन्ही जात. मुलाखतींत हा विषय येतो तो बहुधा दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून. ज्याच्यावर तो शिक्का बसला त्याने वृद्धापकाळी ध्वनिमुद्रकासमोर येण्याची शक्यता कमीच असते. संग्रहातील अशा रिकाम्या जागेची नोंद करणे हेदेखील संग्राहकाचे काम आहे.

वसाहतींतून आलेल्या विमानकर्मींनाही दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. ब्रिटिश गियानातून आलेले साय ग्रँट हे लँकेस्टरवर नॅव्हिगेटर होते. जून १९४३ मध्ये त्यांचे विमान नेदरलँड्समध्ये कोसळले आणि युद्धाचा उर्वरित काळ त्यांनी जर्मन बंदिवासात काढला. पुढे ते ब्रिटनमध्ये गायक व अभिनेता म्हणून प्रसिद्ध झाले. ते विमान पडताना पाहणाऱ्या एका डच मुलाने मोठेपणी त्याचा शोध घेतला. त्या शोधातून आलेल्या संपर्कामुळे ग्रँट आणि त्या डच कुटुंबातील पुढच्या पिढीच्या सहकार्याने कॅरिबियन विमानकर्मींच्या माहितीचा एक संग्रह आकाराला आला. २०१० मध्ये ग्रँट यांचे निधन झाले. जमिनीवरून पाहणारा मुलगा आणि विमानातून पडणारा माणूस यांच्या आठवणी एकत्र आल्याने अनेक विस्मृत नावे इतिहासात परतली.

साक्षीदार आणि निर्णय

विमानकर्मींच्या आठवणींना मान देणे म्हणजे बाँबहल्ल्यांच्या धोरणाविषयी त्यांचेच मत अंतिम मानणे काय? कॅनडातील दोन प्रसंगांनी हा प्रश्न तीव्र केला. १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या 'द व्हॅलर अँड द हॉरर' या अनुबोधपटाने बाँबर कमांडचे चित्र विपर्यस्त केले, असा आक्षेप माजी सैनिकांनी घेतला. प्रकरण सिनेटच्या उपसमितीपर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेले. २००७ मध्ये ओटावा येथील युद्ध संग्रहालयातील एका फलकावरून असाच वाद झाला. बाँबमोहिमेचे मूल्य व नैतिकता वादग्रस्त असल्याचे सांगणारा तो मजकूर माजी सैनिकांच्या विरोधानंतर बदलण्यात आला.

माजी सैनिकांची वेदना समजण्याजोगी होती. वयाच्या विसाव्या वर्षी प्राण पणाला लावून केलेल्या कामावर उतारवयात आरोपाची छाया पडावी, हे कोणालाही सहन होणे कठीण. तथापि, मी तेथे होतो, या विधानाने अनुभवाचा अधिकार मिळतो. संपूर्ण मोहिमेच्या परिणामांविषयी निर्णय देण्याचा अनन्य अधिकार मिळत नाही. वीस हजार फुटांवरून आगीचा रंग दिसतो, तळघरातील माणूस दिसत नाही. मे १९४३ मधील धरणांवरील हल्ल्याचे उदाहरण घेता येईल. एकोणीस विमानांतून गेलेल्या १३३ जणांपैकी ५३ मृत्युमुखी पडले. त्या पथकातील अखेरचे हयात विमानकर्मी जॉर्ज जॉन्सन यांचे १०१ व्या वर्षी डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले. या धाडसाची कहाणी सर्वत्र पोहोचली. परंतु फुटलेल्या धरणांच्या पुरात तेराशेहून अधिक माणसे बुडाली आणि त्यांत सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या मोठी होती. त्यांच्यापैकी किती जणींना कोणी मुलाखतीसाठी शोधले? लिंकनच्या संग्रहाने दोन्ही बाजूंच्या साक्षी एकत्र ठेवण्याचा घेतलेला निर्णय या पार्श्वभूमीवर अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे निर्णय लादलेला नाही, तो घेण्यासाठी लागणारी साधने मात्र शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत.

जतनाची कार्यपद्धती

उपरोक्त विवेचनावरून मौखिक साधनांच्या जतनासाठी काही तत्त्वे हाती येतात. मूळ ध्वनिमुद्रण अबाधित राखून शब्दांकन त्याला पूरक म्हणून ठेवावे. बोलण्यातील विराम, अडखळणे, आवाज भरून येणे यांची शब्दांकनात नोंद असावी. मुलाखतकार कोण, तारीख व स्थळ कोणते, कुटुंबातील कोणी समोर होते काय, हा तपशील सूचीत द्यावा. कारण मुलासमोर सांगितलेली आणि एकांतात सांगितलेली आठवण एकच नसते. निवेदकाची लेखी संमती घ्यावी आणि नको असलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा त्याचा अधिकार मान्य करावा. निवेदकाची उड्डाणवही व पथकाची नोंदवही मुलाखतीपूर्वी पाहिलेली असल्यास प्रश्न नेमके होतात. परंतु तिच्या आधारे निवेदकाला मध्येच दुरुस्त करू नये. दुरुस्तीची जागा टीपेत आहे. चुंबकीय फिती झिजतात आणि त्या वाजविणारी यंत्रेही नाहीशी होतात. म्हणून ध्वनी वेळोवेळी नव्या माध्यमात उतरवून घेणे हे जतनाचे कायमचे काम आहे.

निष्कर्ष

बाँबर कमांडच्या मुलाखतींचा इतिहास हा एका अर्थाने विलंबाचा इतिहास आहे. परतीच्या रात्री विचारलेले प्रश्न बाँब कोठे पडले यापुरते होते. माणसाविषयीचे प्रश्न त्यानंतर कित्येक दशकांनी आले. तोवर असंख्य निवेदक निघून गेले होते. जे उरले त्यांच्या साक्षीने मोहिमांच्या तारखा किंवा आकडे फारसे बदलले नाहीत. त्या आकड्यांमागील भीती कशी झाकली गेली, मौन कसे टिकले आणि समाजाने स्मरण व विस्मरण यांची वाटणी कशी केली, हे मात्र त्यांच्यावाचून कळले नसते.

हा विलंब भारतीय संदर्भातही विचार करण्याजोगा आहे. पी. व्ही. एस. जगनमोहन व समीर चोप्रा यांनी १९६५ आणि १९७१ च्या हवाई युद्धांवरील ग्रंथांत (२००५ व २०१३) माजी वैमानिकांच्या आठवणींचा कागदपत्रांबरोबर उपयोग केला आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, पुण्याच्या लोहगाव तळावर कॅनबेरा बाँबफेकी विमानांची पथके होती आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्या विमानांनी पश्चिम आघाडीवर रात्रीच्या मोहिमा केल्या. त्या वेळी बावीस वर्षांचा असलेला विमानकर्मी किंवा विमानाची देखभाल करणारा तंत्रज्ञ आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. लिंकनमध्ये मुलाखती सुरू झाल्या तेव्हा निवेदक नव्वदीत होते. त्या हिशोबाने येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांकडे अजून थोडा अवधी शिल्लक आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. चांगला ध्वनिमुद्रक, तयारीने आलेला विद्यार्थी, संमतीपत्र आणि मुद्रण सांभाळणारे ग्रंथालय एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. न्यूरेंबर्गहून परतलेल्या माणसाला रिकाम्या खाटेविषयी विचारण्यास ब्रिटनला काही दशके लागली. तोच उशीर येथे पुन्हा होऊ न देणे संशोधकांच्या हाती आहे.